पांढऱ्या चादरीवर बासिलिसा

सान्ता पेत्रोना, ग्वापी नदी
९ जून

नूरिस,

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद. नेफी याचा फोटो काढणार आणि ग्वापी शहराला पोचली की तुला माद्रिदला पाठवणार. म्हणजे आधी ती वाचणार. वाच बाई नेफी, पण अक्षराला नावं ठेवू नकोस.

नेफी म्हणते, आईवर काढलेला सिनेमा तू द्यायला तयार आहेस, पण मावशीने स्वतःच्या हाताने लिहून दिलं तरच. तर घे लिहून. पंचवीस जुलैला, काळ्या बायकांच्या दिवशी, नेफीच्या महिला मंडळातर्फे शाळेच्या हॉलमध्ये तुझ्या आईचा सिनेमा दाखवला जाईल. मेणबत्ती लागणार नाही. जपमाळ निघणार नाही. आणि मी, क्रिसान्ता कुएरो, जिने या गावातलं एकही मयत गाण्यावाचून जाऊ दिलेलं नाही, ती तोंड उघडणार नाही. झालं समाधान?

आता माझंही ऐक. तू तिला काली शहरात जाळलंस आणि डबीत घालून समुद्रापार नेलंस. आमच्याकडे माणूस मातीत जातो, त्याच्यासाठी नऊ रात्री गातात, तेव्हा कुठे त्याचा पाय घरातून निघतो. हे तुला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी फोनवर मी जे बोलले ते बोलले, आणि ते मागे घेण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही. पण जाळलंस त्याचं मला लागलं नाही तेवढं तुझं एक वाक्य लागलं. ‘आई म्हणाली होती, क्रिसान्ताला गायला लावू नका.’

दोन वर्षं झाली त्याला. मी शिंपले काढायला खाजणात उतरते, गुडघाभर चिखलात, आणि ते वाक्य माझ्याबरोबर उतरतं. बासिलिसा अंगावर पीत होती तेव्हापासून तिला मी गाऊन झोपवलंय. आई शेतावर असायची, मग मीच आई. त्या आवाजाचा तिला वीट आला? शहरात राहून, कवितांची पुस्तकं लिहून, सभांतून टाळ्या घेऊन तिला आपल्या बहिणीचं गाणं गावंढळ वाटायला लागलं? मला एवढंच कळायचं राहिलंय, आणि ते कळल्याशिवाय मला मरायचं नाही.

तू तेव्हा म्हणालीस, ‘मावशी, सिनेमा बघ, कळेल.’ नाही बघितला. मेलेली बहीण भिंतीवर हलताना बघायची माझी छाती नव्हती. आता सगळ्या गावादेखत बघावी लागणार.

तुझी मावशी
क्रिसान्ता


२ जुलै

नूरिस,

नेफीने तुझं उत्तर वाचून दाखवलं. ‘ठीक आहे.’ बस. एवढे दोन शब्द पाठवायला विमानं, तारा, उपग्रह कशाला लागतात कोण जाणे.

इथे गावात तुझ्या आईवरून दोन तट पडलेत. म्हणजे होतेच, आता ते बोलायला लागलेत. मंडळाच्या बैठकीत नेफीने बासिलिसाची ती डॉमिनोची कविता वाचली. तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण मी ती प्रथमच नीट ऐकली:

मढं आत, बायका आत, रडणं आत.
बाहेर पडवीत डॉमिनो.
मरणसुद्धा यांनी
घरकामातच धरलं.

मग पाचाने मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, “खोटं काय आहे त्यात? माझ्या नवऱ्याच्या मयताला याच लोकांनी माझ्या नवऱ्याच्याच डॉमिनोने खेळ मांडला होता. वर मलाच विचारतात, एक सोंगटी कमी कशी?” पाचा ऐंशीला टेकली, पण जिभेला अजून गंज नाही.

हे दुपारपर्यंत प्लासिदोच्या कानावर गेलंच. तो होडी डांबरत होता, तिथून थेट माझ्या दारात. हाताला डांबर, डोळ्यांत जाळ.

“क्रिसान्ता, तुझी बहीण आम्हाला रिकामटेकडे म्हणून गेली, आणि आता आम्ही आमच्याच शाळेत बसून तिला टाळ्या वाजवायच्या?”

“तुला कुणी बोलावलंय?”

“खड्डा कोण खणतं? पेटी कोण ठोकतं? पेटी काय आपोआप जमिनीत जाते?”

“मग तेच सांग ना तिला.”

“आता कसं सांगू? तिला जाळली!”

असं म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. मी त्याला पाणी दिलं. प्लासिदो तिच्या वर्गात होता, तुला माहीत नसेल. ती काली शहरात धुणीभांडी करायला गेली त्या दिवशी तिची पेटी धक्क्यापर्यंत यानेच उचलून नेली होती. याच्यापुढे मी काही लिहीत नाही, कारण नेफी वाचते आहे.

क्रिसान्ता


२३ जुलै

नूरिस,

परवा सिनेमा. काल हॉल झाडून घेतला. नेफीने ग्वापीहून यंत्र आणलंय, ते बुटाच्या खोक्याएवढं आहे आणि त्यात माझी बहीण आहे म्हणे. पडदा मात्र आणायचा राहिला, तेव्हा पाचाने आपली चांगली पांढरी चादर काढून दिली. ती आम्ही समोरच्या भिंतीवर ताणून बसवली.

आता तू काळजी करशील अशी एक गोष्ट सांगून टाकते. मी फरशी पुसत होते, मान वर केली तर पाचा शिडीवर, आणि चादरीच्या डोक्यावर काळ्या कापडाचं फुलपाखरू. मयताच्या घरी बांधतो तसंच. मी म्हटलं, “अगं ए, हा सिनेमा आहे!” ती म्हणाली, “हो ना. पण पांढरी चादर भिंतीला लागली आणि वर फुलपाखरू नाही, म्हणजे उघडीबोडकी दिसते गं.” तिचे हात साठ वर्षं हेच करत आलेत. चादर दिसली की फुलपाखरू. तिने मुद्दाम नाही केलं.

मी तिला ते काढायला सांगितलंय. ती काढते म्हणाली.

मग नेफीने बाकं लावताना सांगितलं, मध्ये वाट मोकळी ठेवा, दारापासून भिंतीपर्यंत, कुणी आडवं येऊ नका. तिला यंत्राच्या उजेडासाठी हवी होती. साऱ्या बायकांनी माना डोलावल्या, कारण नवव्या रात्री आम्ही हीच वाट मोकळी ठेवतो, जाणाऱ्यासाठी. मी कुणाला काही बोलले नाही. वाट ती वाट.

तू दिलेल्या अटींत यातलं काही मोडत नाही. मी पुन्हा वाचून बघितल्या.

क्रिसान्ता


२७ जुलै

नूरिस,

मी गायले नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुला शंका येईल. नेफीला विचार. पाचाला विचारू नकोस, ती शपथेवर खोटं बोलते. फुलपाखरू तिने काढलं नव्हतं.

हॉल भरला होता. वरच्या गावांतूनही होड्या आल्या. नारळाच्या दुधातला भात आणि मासे झाकून ठेवले होते. दिवस बुडाला तशी नेफीने यंत्राची वायर लावली. पुरुष नेहमीप्रमाणे पडवीत, डॉमिनो घेऊन, पण आज टेबल खिडकीला चिकटलेलं. प्लासिदो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, “मी खेळायला आलोय, बघायला नाही.” आणि तोंड खिडकीकडे.

उजेड पडला आणि बासिलिसा आली. पिवळ्या झग्यात, स्वयंपाकघरात, कच्ची केळी सोलत. आणि पहिली गोष्ट तिने काय केली, तर मनगटाने नाक पुसलं. सारा हॉल हसला. पाचा ओरडली, “तीच आहे गं बाई, तीच!” मग ती तुझ्यावर डाफरली, “नूरिस, तो दिवा डोळ्यांवरून काढ, मी काय चोर आहे?” सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ मी डोळ्यांनी बघितला.

लोक तिच्याशी बोलायला लागले. “बारीक झालीस गं, बासिलिसा!” “केळ्याची साल जाड काढतेयस!” नेफी आधी शुक शुक करत होती, मग तिने नाद सोडला. डॉमिनोची कविता बासिलिसाने म्हटली तेव्हा बाहेर सोंगट्यांचा आवाज थांबला. कुणी शिवी दिली नाही, उठूनही गेलं नाही. म्हटलं, चला, एवढं पार पडलं.

मग ती पलंगावर दिसली. इतकी लहान झालेली. कॅमेऱ्यामागून तुझा हात आला, त्याने तिची उशी सारखी केली आणि परत गेला. तिने डोळे मिटले आणि पाठ असलेलं म्हणावं तसं म्हणाली:

मी गेले की क्रिसान्ताला गायला लावू नका.
तिने आई गायली, बाप गायला,
पुराने नेलेला स्वतःचा आमादो गायला
डोळे कोरडे ठेवून,
कारण पुढे गाणारी रडली
तर मेलेल्याची वाट चुकते.
माझी चुकली तर चुकू दे.
कोणीतरी तिला खुर्ची द्या.

नूरिस, मी त्या वेळी उभी होते. बसायला बाक होतं, पाचाने जागा धरली होती, तरी मी चादरीच्या उजव्या बाजूला भिंतीला टेकून उभी होते. मयतात पुढे गाणारी तिथेच उभी राहते. पाय आपले आपण गेले होते.

आमादो माझा मुलगा. तू कालीत होतीस, तुझ्या वाढत्या वयात, तुला तो आठवत असेल तर होडीत उभा राहून शिट्टी वाजवणारा एवढाच. त्याच्यासाठी नऊही रात्री मीच गायले. कुणी म्हटलं नाही, क्रिसान्ता, आज दुसरं कुणी गाईल. मीही म्हटलं नाही. मला वाटलं, माझ्याशिवाय त्याची वाट कोण नीट दाखवणार? तेव्हा बासिलिसा शहरातून आली होती. मागच्या बाकावर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती, कोरसात एकदाही मिसळली नाही. मी मनात म्हटलं होतं, बघा, बाईसाहेबांना आमचं गाणं नको झालंय. इतकी वर्षं मी तसंच समजत आले. ती गाणं ऐकतच नव्हती गं. ती मला बघत होती.

तेवढ्यात खिडकीतून खुर्ची आली. खरंच आली. प्लासिदोने आपल्या बुडाखालची उचलून लोकांच्या डोक्यांवरून आत दिली, टेबलाला धक्का लागून सोंगट्या सगळ्या पडवीभर. खुर्ची हातोहात माझ्यापर्यंत पोचली. मी बसले. इतक्या लोकांसमोर, चादरीसमोर, मी बसले.

आणि चादरीवर तुझा आवाज आला, “मग गायचं कुणी, आई?”

“ज्यांना येत नाही त्यांनी. कधीतरी शिकायला नको का मेल्यांनी?”

ती हसली, हसता हसता खोकली, आणि तू हसलीस. मग अंधार. सिनेमा तुझ्या हसण्यावर संपतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं हसणं मी किती वर्षांनी ऐकलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नेफी बिचारी चादर काढायला गेली, तर पाचाने तिचं मनगट धरलं.

“हात लावशील तर बघ.”

“मावशी, सिनेमा संपला.”

“फुलपाखरू लावलंय त्याला. ती त्याच्यावर आली, बोलली, हसली. आता गाण्याशिवाय चादर उतरवलीस तर ती कायमची या शाळेत राहील. पोरांना अभ्यास करू द्यायची नाही, माहीत आहे ना कशी होती ती?”

कुणी हसलं, पण जागचं कुणी हललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गळ्यात सूर आला होता, नूरिस, खोटं कशाला बोलू. पण तुला लिहून दिलं होतं, आणि आता तर ती स्वतः सांगून गेली होती. मी खुर्चीचे हात धरून ठेवले.

मग पाचा दाराकडे वळली. “ऐकलंत ना? या आत.”

“कोण, आम्ही?” प्लासिदो म्हणाला. “आम्हाला कुठं येतं?”

“म्हणूनच. तिने तुमचीच नावं घेतलीयत.”

“अहो, पण आमचं काम खड्ड्याचं...”

“खड्डा नाही खणायचा, तोंड उघडायचंय. जेवताना उघडता तसं.”

आले. टोप्या काढून, एकमेकांना ढकलत, त्या मोकळ्या वाटेच्या कडेने आले. प्लासिदोने सुरुवात केली. मयतात गायचा आलाबाओ साठ वर्षं पडवीतून ऐकलेला, पण अर्धं लक्ष डॉमिनोत, त्यामुळे अर्धाच ठाऊक. जिथे मरियम दारात येते तिथे त्याने तिला होडीत बसवलं. मागच्यांनी ओळ संपायच्या आधीच कोरस धरला. सूर असा की डासही बाहेर गेले असतील. पाचा ओठ चावत होती. मी एकदा चूक सुधारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पण ते थांबले नाहीत. प्लासिदोला पुढचं आठवेना तेव्हा त्याने नुसतं तिचं नाव घेतलं, त्याच चालीत, बासिलिसा, बासिलिसा. आणि मला रडू फुटलं. बासिलिसासाठी रडले आणि मग आमादोसाठी रडले, इतक्या वर्षांनी, सगळ्या गावासमोर, नाक गळेपर्यंत. आणि मी रडत होते तरी गाणं चालूच होतं. कुणाची वाट चुकली नाही. मला हे माहीतच नव्हतं, की मी रडले तरी गाणं चालू राहू शकतं.

चादर पुरुषांनीच उतरवली आणि वाकडीतिकडी घडी घातली. मग भात वाढला.

तर तू नको म्हणाली होतीस तेच झालं. मेणबत्ती नव्हती, जपमाळ नव्हती, मी गायले नाही, पण ते तिचं मयतच होतं. तुला रागवायचं तर रागव. मलाही तुझा राग आला होता, मधल्या त्या अंधारात. तू मला वाक्य अर्धंच का दिलंस? खुर्चीचं का नाही सांगितलंस? मग आठवलं, तू सांगायला गेली होतीस आणि मी फोन आपटला. आपलेच दात, आपलेच ओठ.

रात्रभर मला तुझा तो हात दिसत होता. नखं बारीक कापलेली, माद्रिदला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना न्हाऊ घालून सुरकुतलेला. उशी सारखी करतो आणि परत कॅमेऱ्यामागे जातो. चित्र एकदाही हललं नाही, नूरिस. ती खोकली तेव्हासुद्धा नाही. तू श्वास धरून ठेवला होतास का? नंतर तिला जाळून, कागदांवर सह्या करून, तिसऱ्या दिवशी परत कामावर गेलीस, असं नेफी सांगते. पुढे गाणारीने रडायचं नसतं, तसं कॅमेरा धरणारीनेही रडायचं नसतं का?

मावशी


१९ सप्टेंबर

नूरिस पोरी,

या वेळी दोनपेक्षा जास्त शब्द आले. नेफीला मी ते मोठ्याने वाचू दिले नाहीत, फोन हातात घेऊन एकटीने वाचले, भिंग लावून. वाचायला दुपार गेली.

डिसेंबरात ये. हो, डबी घेऊनच ये. तिला मातीत ठेवायचं की नदीत सोडायचं, ते तू ठरव, मी वाद घालणार नाही. घालेन थोडा, पण ऐकेन तुझंच. पुरुष रविवारी पाचाकडे शिकायला बसतात. फार शिकवू नकोस असं मी तिला बजावलंय.

तू विचारतेस, मी धक्क्यावर येईन का. येईन, पण उभी राहणार नाही. प्लासिदो खुर्ची आणून ठेवणार आहे, दोन आणायला सांगितल्यात. होडीतून उतरताना डबी त्याच्या हातात दे, त्याला ओझं वाहायची सवय आहे. कॅमेरा माद्रिदलाच ठेव. तू मोकळ्या हातांनी ये आणि माझ्या शेजारी बस. मग दोघींनी हवं तेवढं रडायचं. गायला दुसरे आहेत.

तुझी मावशी